विमानतळावरील प्रार्थनाकक्ष

प्रार्थना, नमाज, ध्यान किंवा नुसते शांत बसणे यांसाठी टर्मिनलमध्ये राखून ठेवलेली खोली. जगातील बहुतेक मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळांवर ती असते. बहुधा विनामूल्य, पुष्कळ ठिकाणी अहोरात्र उघडी, आणि दुकानांच्या झगमगाटात सहसा शोधूनच काढावी लागणारी.

या सोयीचा उगम प्रवाशांसाठी झालेला नाही. बॉस्टनच्या लोगन विमानतळावर 1951 मध्ये ‘अवर लेडी ऑफ द एअरवेज’ हे कॅथलिक चॅपल (लहान प्रार्थनामंदिर) उभे राहिले, ते मुख्यतः पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी. रविवारीही ड्यूटी असलेल्यांना कामाच्या जागीच मिस्सा (कॅथलिकांची सामुदायिक उपासना) मिळावी, हा हेतू होता. 1955 मध्ये न्यूयॉर्कच्या आयडलवाइल्ड (आताच्या केनेडी) विमानतळावरही असे चॅपल झाले. पुढे 1960 च्या दशकात तेथेच कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि ज्यू यांची तीन स्वतंत्र प्रार्थनास्थळे शेजारीशेजारी बांधली गेली. विमानतळाच्या विस्तारात ती पाडावी लागली. लंडनच्या हीथ्रोवरील सेंट जॉर्ज चॅपल (1968) तर जमिनीखाली आहे. त्याचे वास्तुकार फ्रेडरिक गिबर्ड.

प्रत्येक पंथाला वेगळी इमारत देणे जागेच्या हिशेबात बसेना आणि प्रवाशांचे धर्मही वाढत गेले, तेव्हा सर्वांसाठी एकच खोली ही कल्पना रुजली. ऐकायला सोपी, अमलात आणायला अवघड. कोणाचेच चिन्ह नको म्हणून भिंती कोऱ्या ठेवल्या, की खोली दवाखान्यातल्या प्रतीक्षालयासारखी दिसू लागते. सगळ्यांची चिन्हे मांडली, तर जे राहून गेले त्यांची तक्रार येते. त्यावरची तोड म्हणजे कपाट. धर्मग्रंथ, जपमाळा आणि गुंडाळलेल्या चटया त्यात असतात. ज्याने त्याने हवे ते काढावे आणि जाताना परत ठेवावे. किब्ल्याची, म्हणजे नमाजाच्या वेळी तोंड करायच्या मक्केची, दिशा दाखवणारा बाण छतावर किंवा जमिनीवर असतो. वजूची (नमाजापूर्वी हातपाय-तोंड धुण्याची) सोय मात्र नंतर सुचल्यासारखी कोपऱ्यात केलेली आढळते. ती नसेल तर लोक स्वच्छतागृहातील बेसिनमध्ये पाय धुतात, मग फरशी ओली होते आणि कुरबुरी सुरू होतात. मुस्लिमबहुल देशांत हा प्रश्न येत नाही. तेथे पुरुष व स्त्रियांसाठी स्वतंत्र नमाजखोल्या जागोजागी असतात आणि वजूची जागा मूळ आराखड्यातच धरलेली असते.

खोली सुरक्षा तपासणीच्या अलीकडे असावी की पलीकडे, हा वाद जुना आहे. अलीकडे असेल तर निरोप द्यायला आलेले नातेवाईक व कर्मचारी तिचा लाभ घेऊ शकतात, पण विमान बदलणाऱ्या प्रवाशाला तिचा उपयोग नाही. मोठे विमानतळ दोन्हीकडे खोल्या ठेवून हा वाद मिटवतात. झोपायला मनाई असल्याची पाटी बहुतेक ठिकाणी दिसते; रात्रभर अडकलेला प्रवासी ती कितपत मनावर घेतो, ते सांगायला नको.

अनेक विमानतळांवर चॅपलिन, म्हणजे धार्मिक आधार देणारे सेवक, नेमलेले किंवा स्वयंसेवक म्हणून असतात. त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना 1967 पासून आहे. उपासना चालवणे हा त्यांच्या कामाचा लहानसा भाग. प्रवासात कोणी दगावल्यास सोबतच्यांजवळ बसणे, पैसे संपून अडकलेल्याला मार्ग दाखवणे, अपघातानंतर नातेवाइकांना सावरणे ही कामे त्यांच्याकडे येतात.

उपासनेशी संबंध नसलेल्या शांत खोल्याही आता वाढत आहेत. सॅन फ्रान्सिस्को विमानतळाने 2012 मध्ये योगासाठी वेगळी खोली सुरू केली.