फायब्रोमायल्जिया असलेल्या रुग्णांमधील आमवाताचे मूल्यमापन

आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा सांध्यांच्या अस्तराचा दाह आहे. शरीराची प्रतिकारयंत्रणा या अस्तरावर उलटते, सांधा सुजतो आणि वेळेत आवर घातला नाही तर कूर्चा व हाड झिजते. फायब्रोमायल्जियात सांध्याची झीज होत नाही. तिथे वेदनेचे संदेश हाताळणारी मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील झालेली असते. अंगभर ठणका, रात्रभर झोपूनही न जाणारा शीण आणि मन एकाग्र न होणे ही त्याची लक्षणे. सर्वसामान्य लोकांत तो २ ते ४ टक्क्यांना असतो, आमवाताच्या रुग्णांत मात्र साधारण पाचांपैकी एकाला. अशा रुग्णाचे ‘दुखतंय’ दोन ठिकाणांहून आलेले असते, आणि आमवात किती सक्रिय आहे हे ठरवण्याची नेहमीची मोजमापे इथेच फसतात.

सर्वाधिक वापरात असलेला निर्देशांक डीएएस-२८. खांदे, कोपरे, मनगटे, गुडघे आणि हाताच्या बोटांचे सांधे मिळून २८ सांधे तपासतात. दाबल्यावर दुखणारे किती, सुजलेले किती, रक्तातला ईएसआर (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग, दाह असला की वाढतो) किती आणि रुग्ण स्वतःच्या त्रासाला शंभरपैकी किती गुण देतो, या चार आकड्यांतून तो काढतात. सूत्रात दुखऱ्या सांध्यांच्या संख्येच्या वर्गमुळाला ०.५६ ने गुणतात, सुजलेल्यांच्या वर्गमुळाला फक्त ०.२८ ने. म्हणजे सुजेपेक्षा वेदनेला दुप्पट वजन, आणि रुग्णाने दिलेले गुण वेगळेच.

एक हिशेब मांडून पाहू. दुखरे सांधे १६, सुजलेला १, ईएसआर १२, रुग्णाचे गुण ७०. बेरीज येते सुमारे ५.२. ५.१ च्या वर गेले की आजार ‘तीव्र’ गणला जातो. आता सूज आणि ईएसआर तेच ठेवून दुखरा सांधा १ व गुण २० धरले, तर उत्तर सुमारे २.९ येते, म्हणजे आजार ‘सौम्य’. सांध्यातला दाह दोन्हीकडे सारखाच असू शकतो. सीडीएआय या रक्ततपासणीविना काढायच्या निर्देशांकातही दुखरे सांधे आणि रुग्णाचे गुण मोजले जातात, त्यामुळे ही अडचण तिथेही सुटत नाही. उलट ईएसआर रक्तक्षय आणि वाढत्या वयामुळेही चढतो. आपल्याकडच्या बायकांमध्ये रक्तक्षय किती आढळतो हे पाहता तो एकटा विश्वासाचा नाही.

म्हणून भार पडतो तो तपासणाऱ्याच्या बोटांवर. सांधा दाबताना अंगठ्याचे नख पांढरे पडेल इतकाच जोर द्यायचा असतो. दाहाने सुजलेला सांधा बोटांखाली मऊ, लिबलिबीत लागतो आणि त्याच्या कडा हरवलेल्या असतात. नुसत्या दुखऱ्या सांध्यात हाडाची कड स्पष्ट हाताला लागते. सांध्यांच्या मधला दंडाचा किंवा नडगीवरचा भागही तेवढ्याच जोराने दाबून पाहावा. तिथेही रुग्ण कळवळला, तर वेदना सांध्यापुरती नाही. दुखऱ्या आणि सुजलेल्या सांध्यांच्या संख्येत सात किंवा अधिक फरक असेल, तर फायब्रोमायल्जियाची शंका घ्यावी.

त्याचे निदान २०१६ च्या सुधारित निकषांनी होते. शरीराच्या १९ भागांपैकी किती दुखतात आणि थकवा, झोप, स्मरण यांचा त्रास किती, याचे गुण मांडतात. वेदना किमान तीन महिने टिकलेली आणि शरीराच्या पाचपैकी निदान चार विभागांत पसरलेली हवी. दुसरा आजार असला तरी हे निदान ग्राह्य ठरते, असे हे निकष स्पष्ट सांगतात. आमवाताच्या रुग्णासाठी हे वाक्य फार मोलाचे आहे, कारण ‘रिपोर्ट तर चांगले आहेत, मग दुखतं कसं?’ हे ऐकून अनेकजण घरी परततात. त्यांची वेदना खरी असते. तिचे मूळ तेवढे वेगळे असते.

शंका उरल्यास पॉवर डॉप्लर सोनोग्राफी उपयोगी पडते. सुजलेल्या अस्तरात वाढलेला रक्तप्रवाह पडद्यावर दिसतो. दोन्ही आजार असलेल्यांचे डीएएस-२८ जास्त येते, पण सोनोग्राफीत दाह त्या प्रमाणात सापडत नाही, असे अभ्यासांत दिसले आहे. औषधांना दाद न देणाऱ्या आमवाताबाबत २०२२ मध्ये युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनेही स्थूलता किंवा फायब्रोमायल्जिया असताना निर्देशांक जपून वाचा, गरज पडल्यास सोनोग्राफी करा, असे सुचवले.

हे इतके नेटाने करण्याचे कारण उपचारात आहे. निव्वळ आकडा पाहून जैविक औषध (दाह घडवणाऱ्या प्रथिनांना किंवा पेशींना अडवणारे) सुरू केले, तर दाह नसलेल्या वेदनेला त्याचा उपयोग होत नाही. खर्च मात्र होतो आणि टीएनएफ-रोधक या जैविक औषधांमुळे सुप्त क्षयरोग उफाळण्याचा धोका वाढतो. फायब्रोमायल्जियाला हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम, झोपेची घडी आणि गरजेप्रमाणे ड्युलॉक्सेटिन, प्रीगॅबलिन किंवा अमिट्रिप्टिलिन लागते.

उलटी चूकही तितकीच घातक. एकदा फायब्रोमायल्जियाचा शिक्का बसला की प्रत्येक तक्रार त्याच्या खात्यावर टाकली जाते, आणि खरा दाह हाडे पोखरत राहतो. सीआरपी, म्हणजे रक्तातले दाह दाखवणारे प्रथिन, सामान्य असतानाही आमवात सक्रिय असू शकतो. शिवाय २८ सांध्यांत पावले येत नाहीत, आणि आमवात बऱ्याचदा तिथेच आधी धरतो. म्हणून प्रत्येक भेटीत मोजे काढायला लावून पायाच्या बोटांची मुळे दोन्ही बाजूंनी दाबून पाहावीत.