कॉम्प्युटर ग्राफिक्स व कॉम्प्युटर व्हिजन (विद्यापीठीय अभ्यास)

संगणकशास्त्राच्या दोन जोडशाखा. पदवीच्या वरच्या वर्गांत किंवा पदव्युत्तर पातळीवर त्या बहुधा शेजारी-शेजारी शिकवल्या जातात. ग्राफिक्समध्ये वस्तूचा आकार, तिचा पृष्ठभाग, दिवे आणि कॅमेऱ्याची जागा आधी ठाऊक असते आणि त्यावरून चित्र तयार करायचे असते. व्हिजनमध्ये हाती फक्त चित्र असते. समोर काय होते, किती लांब होते, हे त्यावरून शोधायचे असते. दोन्हींचे गणित एकच, अवघडपणा मात्र सारखा नाही. बिंदूचे आडवे-उभे अंतर त्याच्या खोलीने भागले की चित्रातली त्याची जागा मिळते. या भागाकारात खोली हरवते. एक मीटरवरचे खेळण्यातले घर आणि दहा मीटरवरचे त्याच्या दहापट मोठे घर यांची चित्रे तंतोतंत सारखी येतात. म्हणून ग्राफिक्सच्या प्रश्नाला एक उत्तर असते, व्हिजनच्या प्रश्नाला अगणित. त्यांतले संभवनीय कोणते, हे ठरवण्यातच तो विषय खर्ची पडतो.

दोन्हींचा उगम एकाच यंत्रावर झाला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत टीएक्स-२ नावाचा संगणक होता. १९६३ साली त्यावर केलेल्या कामाचे दोन पीएचडी प्रबंध सादर झाले. आयव्हन सदरलंड यांच्या ‘स्केचपॅड’मध्ये प्रकाशलेखणीने थेट पडद्यावर आकृती काढता येत होती. लॅरी रॉबर्ट्‌स यांचा प्रोग्रॅम ठोकळ्यांच्या छायाचित्रातून कडा शोधे, त्यांवरून त्रिमित आकार बसवे आणि तोच ठोकळा दुसऱ्या बाजूने कसा दिसेल तेही काढून दाखवी. हे करताना मागच्या, न दिसणाऱ्या रेषा पुसाव्या लागतात. त्याची रीतही त्यांनीच घडवली. म्हणजे दोन्ही शाखा या एका प्रबंधात होत्या. पुढे ते इंटरनेटच्या पूर्वज असलेल्या अर्पानेट या जाळ्याकडे वळले आणि लोक त्यांना इंटरनेटसाठीच ओळखू लागले.

१९६६ मध्ये एमआयटीतच सीमोर पॅपर्ट यांनी ‘समर व्हिजन प्रोजेक्ट’ची टिपणी लिहिली. उन्हाळी सुट्टीत कामाला घेतलेल्यांनी दृष्टियंत्रणेचा मोठा भाग उभा करावा, अशी तिच्यात अपेक्षा होती. व्हिजनच्या पहिल्या तासाला ही गोष्ट आजही सांगितली जाते, आणि वर्गात हशा पिकतो.

ग्राफिक्सचे शिक्षण आकाराला आले ते सॉल्ट लेक सिटीच्या युटा विद्यापीठात. डेव्हिड एव्हन्स १९६५ मध्ये तिथे आले, सदरलंड १९६८ मध्ये. संरक्षण खात्याच्या अर्पा संस्थेचा पैसा होता आणि विद्यार्थ्यांना मोकळीक होती. आँरी गूरो यांनी पत्नीच्या चेहऱ्यावर बहुकोन रेखून मोजमापे घेतली आणि सपाट तुकड्यांचा चेहरा गुळगुळीत दिसेल अशी छटा देण्याची रीत १९७१ च्या प्रबंधात मांडली. १९७२ मध्ये सदरलंड यांच्या पत्नीची फोक्सवॅगन बीटल गाडी त्यांच्या विद्यार्थ्यांनी हाताने मोजून संगणकात उतरवली. बुई तुओंग फाँग यांनी १९७३ मध्ये चकाकीचे सूत्र दिले आणि दोनच वर्षांत ते वारले. एड कॅटमल यांच्या १९७४ च्या प्रबंधात पृष्ठभागावर चित्र चिकटवण्याचे तंत्र होते. त्यांना संगणकशास्त्रातले सर्वोच्च मानले जाणारे ट्युरिंग पारितोषिक २०१९ साठी पॅट हॅनरहन यांच्यासह मिळाले. मार्टिन न्यूवेल यांनी १९७५ मध्ये घरातली चहादाणी आलेखकागदावर उतरवली. तोटी, कान आणि पोकळी असल्यामुळे तिच्यावर सावल्या व चकाकी छान तपासता येतात. ती आज जगभरच्या गृहपाठांत आहे.

अभ्यासक्रमाचा पाया रेषीय बीजगणित हाच. मॅट्रिक्सचा, म्हणजे आकड्यांच्या चौकटींचा, गुणाकार यांत्रिकपणे पाठ केलेला विद्यार्थी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अडतो, कारण सरकवणे, फिरवणे, लहान-मोठे करणे आणि कॅमेऱ्यातून पाहणे ही सगळी कामे चार बाय चारच्या मॅट्रिक्सनीच होतात. पुढे ग्राफिक्सवाले किरणांचा माग काढणे आणि प्रकाशाचे भौतिकशास्त्र शिकतात, व्हिजनवाले कडा, ठळक बिंदू, स्टिरिओ (दोन चित्रांवरून खोली काढणे) आणि संभाव्यता.

प्रॅक्टिकलला दोन्ही विषयांचा स्वभाव उघडा पडतो. ग्राफिक्समध्ये चूक झाली की पडदा काळा राहतो आणि एररही येत नाही. कॅमेरा भलतीकडे बघत असतो, किंवा त्रिकोणाचे शिरोबिंदू उलट क्रमाने दिल्याने त्याची पाठ आपल्याकडे येते आणि तो गाळला जातो. व्हिजनमध्ये उत्तर नेहमीच येते, पटण्याजोगेही असते, फक्त चुकीचे असते. कॅमेरा कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे कॅमेऱ्याची स्वतःची मापे काढण्यासाठी, बुद्धिबळाच्या पटासारखा नमुना छापून पुठ्ठ्यावर चिकटवतात आणि वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढतात. झेंग्यो झांग यांनी २००० मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. कागद मध्ये जरा फुगला असेल तरी आकडे निघतातच. ते किती खरे, हे जुळवलेले बिंदू फोटोवर पुन्हा उमटवून पाहिल्याशिवाय कळत नाही. दोन्हींत धोकादायक व्हिजनच.

२०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या ‘अ‍ॅलेक्सनेट’ या न्यूरल नेटवर्कने (उदाहरणांवरून शिकणाऱ्या गणिती जाळ्याने) चित्रे ओळखण्याच्या इमेजनेट स्पर्धेत चुकांचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवर आणले, दुसऱ्या क्रमांकाचे सुमारे २६ टक्के होते. ते जाळे शिकवले गेले गेमसाठी बनलेल्या दोन ग्राफिक्स कार्डांवर. २०२० च्या ‘नर्फ’ पद्धतीने तर सीमारेषाच पुसट केली : अनेक फोटोंवरून देखावा शिकायचा, शिकताना ग्राफिक्सच्या रीतीने चित्र काढून मूळ फोटोशी ताडायचे आणि फरक कमी करत न्यायचे. त्यामुळे एकच विषय घेऊन दुसरा सोडणे आता परवडत नाही.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ग्राफिक्स साधारणपणे दुसऱ्या वर्षालाच येते आणि त्याचा बराचसा वेळ रेषा व वर्तुळे काढण्यात जातो. टर्बो सी हे जुने प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर आणि त्यातली ‘ग्राफिक्स डॉट एच’ ही चित्रे काढण्याची फाइल यांवर घडलेल्या पिढ्यांना त्याच्या बीजीआय या ग्राफिक्स फोल्डरचा पाथ चुकल्यावर येणारा संदेश अजून आठवत असेल. ब्रेसनहॅमची रीत शिकवण्याजोगी आहे यात वाद नाही. आयबीएममध्ये १९६२ च्या सुमारास प्लॉटरसाठी घडलेली ही रीत केवळ पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीवर रेषा काढते. परंतु सहा महिन्यांत प्रकाशापर्यंत पोचताच येत नसेल, तर विषयाचा गाभा राहून जातो. आयआयटी मुंबईत दोन्ही शाखांसाठी ‘विजिल’ ही एकत्र प्रयोगशाळा आहे. या क्षेत्रांची ‘आयसीव्हीजीआयपी’ ही भारतीय परिषद २०१२ मध्ये मुंबईत भरली होती.

नाशिकचे रमेश रासकर पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि २००२ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून पीएचडी झाले. पुढे एमआयटी मीडिया लॅबमधल्या त्यांच्या गटाने सेकंदाला सुमारे एक लाख कोटी फ्रेम इतक्या वेगाने प्रकाशाचा प्रवास टिपला. भिंतीवरून उसळून परतणाऱ्या प्रकाशाच्या वेळा मोजून कोपऱ्याआडच्या वस्तूचा आकार काढण्याचे त्यांचे काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.