घरच्या पोर्टिंगच्या हाती फ्लो बेंच कसा आला

आपल्याकडे पोर्टिंग, म्हणजे इंजिनात हवा येण्या-जाण्याच्या वाटा (पोर्ट) घासून सुधारणं, म्हटलं की पहिलं नाव निघतं आरएक्स १००चं. पण १९८५ ते १९९६ या काळातल्या त्या ९८ सीसीच्या टू-स्ट्रोकचे पोर्ट सिलिंडरच्या भिंतीत आहेत. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड कानशीने जराशी उचलली की पोर्ट उघडायची वेळच बदलते. फोर-स्ट्रोकमध्ये ती वेळ कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा, ठरवतो. मेकॅनिकच्या हातात उरते ती हवेची वाट. ती घासण्याचा इतिहास अमेरिका-इंग्लंडमधल्या स्वस्त गाड्यांचा आहे.

१९३२मध्ये फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-८ आलं: २२१ घनइंच, ६५ हॉर्सपॉवर, आणि किंमत सामान्यांच्या आवाक्यातली. यात व्हॉल्व्ह आणि पोर्ट ब्लॉकमध्येच; हेड म्हणजे नुसतं झाकण. मिश्रणाने व्हॉल्व्हमधून वर यायचं, आडवं वळायचं आणि मग सिलिंडरमध्ये उतरायचं. कॅलिफोर्नियातल्या मुरॉकसारख्या कोरड्या तळ्यांवर गाड्या पळवणारी पोरं पोर्ट घासून रुंद करत आणि व्हॉल्व्ह ते सिलिंडर हा ब्लॉकचा भागही खाली घेत. याला रिलीव्हिंग म्हणत. वाट मोकळी होई, पण कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबलं जाण्याचं प्रमाण, घटे. सगळा कारभार अंदाजपंचे.

मोजून काम करणारा माणूस इंग्लंडात होता. हॅरी वेस्लेक १९२०च्या दशकातच हेडमधून हवा खेचून तिचा प्रवाह मोजत होता. पुढे जॅग्वारच्या एक्सके इंजिनाच्या हेडला त्याचा हात लागला, आणि ऑस्टिनच्या ए-सीरिज या छोट्या इंजिनाच्या बदामी आकाराच्या ज्वलनकक्षालाही.

ही ए-सीरिज १९५१ची, ८०३ सीसी. १९५९मध्ये ती ८४८ सीसीची होऊन मिनी या छोट्या गाडीत बसली आणि घरच्या पोर्टिंगला हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. बिडाचं हेड, चार सिलिंडर आणि पोर्ट मात्र पाच: दोन-दोन सिलिंडरांना मिळून एक इनलेट, आणि मधल्या दोघांचा एक्झॉस्ट सामायिक. शेजारी पुशरॉडची (व्हॉल्व्ह उघडायला वर ढकलणाऱ्या दांड्यांची) भोकं असल्याने रुंदी वाढवायलाही फारशी जागा नाही. डाउन्टन इंजिनिअरिंग या इंग्लंडमधल्या ट्यूनिंग कंपनीच्या डॅनिएल रिचमंडने याच हेडवर नाव कमावलं.

वेस्लेकसारखं हेडमधल्या हवेचा प्रवाह मोजणारं यंत्र म्हणजे फ्लो बेंच. त्याचं तत्त्व साधं आहे. व्हॉल्व्ह ठरावीक उंचीला उघडा ठेवायचा, ब्लोअरने हवा ओढायची, यू-नळीतल्या पाण्याच्या पातळीवरून दाबाचा फरक वाचायचा. २८ इंच पाणी हा त्यातला रूढ आकडा. हौशी लोकांनी तेच काम व्हॅक्यूम क्लीनरवर भागवलं. आकडे दिसू लागल्यावर बरेच समज गळाले. खरा अडथळा सापडला सीटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेच्या, अगदी खाली: यंत्रकामाने राहिलेली धार, आणि जिथे पोर्ट खाली वळतो तिथला आखूड बाजूचा बाक. इनलेटला आरशासारखं पॉलिश करणं हा, माझ्या मते, निव्वळ हौसेचा भाग. आणि पोर्ट बेसुमार मोठा केला की हवेचा वेग मंदावतो, कमी आरपीएमला ओढ जाते.

बेंचलाही मर्यादा आहे. तो सलग वाहणारी हवा मोजतो. ए-सीरिजचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. म्हणजे सामायिक इनलेटवरचे दोन सिलिंडर लागोपाठ हवा मागतात, आणि पहिल्याचं ओढणं संपण्याआधीच दुसऱ्याचं सुरू होतं. वाटणी असमान होते. ती कितीही घासून सुटेना, तेव्हा आतल्या आणि बाहेरच्या सिलिंडरांना वेगळं टायमिंग देणारे कॅमशाफ्ट निघाले.