जीपीएसची चूक ताडायची कशाशी?

मोबाइल घेऊन बांधावर उभं राहावं आणि नकाशावरचा निळा ठिपका शेजाऱ्याच्या उसात दिसावा. चूक रिसीव्हरची (उपग्रहांचे संदेश घेऊन ठिकाण काढणाऱ्या यंत्राची), नकाशाची की बांधाची? हे सांगायला एक तरी जागा अशी हवी, जिचं ठिकाण रिसीव्हरपेक्षा भरवशाच्या रीतीने आधीच ठरलेलं आहे.

अशा जागा आपल्याकडे जीपीएसच्या उपग्रहांच्या पावणेदोनशे वर्षं आधीपासून आहेत. भारताच्या त्रिकोणी सर्वेक्षणाची सुरुवात करणाऱ्या विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ साडेसात मैलांची आधाररेषा मोजायला घेतली. उन्हाने पोलादी साखळी लांबते, म्हणून ती लाकडी पेट्यांत, तंबूच्या सावलीत ठेवायची आणि तापमानाची नोंद करत मोजायची. त्या रेषेवरून, फक्त कोन मोजून बाकी अंतरं गणिताने काढत, त्रिकोणामागून त्रिकोण पुढे नेले आणि बंगळूरजवळ दुसरी रेषा प्रत्यक्ष मोजून गणिताशी ताडून पाहिली. फरक निघाला काही इंचांचा. लॅम्बटन १८२३ मध्ये काम करता करताच हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

अमेरिकी लष्कराने जीपीएस तपासलं ते ॲरिझोनातल्या यूमाच्या वाळवंटात. पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये सुटला, पण त्याआधीच तिथे जमिनीवर प्रक्षेपक बसवून त्यांनाच उपग्रह मानलं होतं. रिसीव्हर विमानात, आणि ते विमान खरोखर कुठे आहे यावर खालून लेसरची नजर. प्रकल्पप्रमुख ब्रॅडफर्ड पार्किन्सन यांनी ध्येय अगदी रोकडं ठेवलं होतं : पाच बॉम्ब एकाच खड्ड्यात पडले पाहिजेत आणि रिसीव्हर दहा हजार डॉलरच्या आत बसला पाहिजे.

पुढे नागरी वापरासाठी अचूकता मुद्दाम बिघडवली गेली. मार्च १९९० पासून संदेशात हेतुपुरस्सर गोंधळ मिसळला जाई. रिसीव्हर दगडावर ठेवून हात बांधून बसलं तरी आकडे आसपास भटकत राहायचे. हा गोंधळ २ मे २००० रोजी बंद झाला. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. केंटकीतल्या अर्लँगरच्या कायमस्वरूपी केंद्रावरचे आदल्या दिवशीचे आणि दुसऱ्या दिवशीचे आलेख शेजारी शेजारी ठेवले, तर १०० पैकी ९५ ठिपके आधी ४५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात मावत होते, नंतर ६.३ मीटर त्रिज्येच्या. रिसीव्हर तोच, अँटेना तीच.

पण त्या दहा वर्षांत एक गंमत झाली होती. माहीत असलेल्या जागी रिसीव्हर ठेवला की त्या क्षणाची चूक समजते. मग ती लगेच शेजारच्या रिसीव्हरला का कळवू नये? चाचणीची रीतच अशी दुरुस्तीची रीत झाली. आज मोजणीदार ज्याला ‘कॉर्स’ म्हणतात, ती केंद्रं हेच काम अहोरात्र करतात. ज्या भूमी अभिलेख खात्याने ३३ फुटी शंकूसाखळीने गुंठे मोजले (३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट), तिथे आता रोव्हर, म्हणजे ही दुरुस्ती घेत फिरणारा रिसीव्हर, सेंटिमीटरच्या गोष्टी करतो.

मात्र पडद्यावर ‘फिक्स’ (ठिकाण सेंटिमीटरपर्यंत पक्कं झाल्याची खूण) आला की सगळं बरोबर, हा समज घातक आहे. प्रत्यक्ष जागेवर करायच्या चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं ते साधंच आहे. २ ते २० मीटर अंतरावर दोन बिंदू घ्या, त्यांच्यातलं अंतर मिलिमीटरमध्ये आधी मोजून ठेवा, मग रोव्हरने आलटून पालटून पाच वेळा मोजा. असे तीन फेरे करा आणि एका फेऱ्याच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंत किमान ९० मिनिटं जाऊ द्या. तेवढ्यात आकाशातली उपग्रहांची मांडणी बदलते. घाईत हीच ९० मिनिटं कापली जातात.

मी एकदा जुन्या सर्वेक्षणाच्या दगडावर रिसीव्हर ठेवला, तर शंभरेक मीटरचा फरक आला. यंत्राला शिव्या देऊन झाल्यावर लक्षात आलं की दगडाचे आकडे एव्हरेस्टच्या पृथ्वीवरचे (जॉर्ज एव्हरेस्ट यांनी भारतासाठी मानलेल्या पृथ्वीच्या आकारावरचे) आहेत आणि माझे डब्ल्यूजीएस ८४ वरचे, म्हणजे जीपीएस वापरतं त्या जागतिक चौकटीतले.

आणि दगड तरी कुठे जागेवर आहे? भारताची भूपट्टी वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते. हिंगणघाटची ती कबर जागतिक चौकटीत तेव्हापासून दहा मीटर हलली आहे, मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइलची जेवढी चूक येते त्याहून जास्त. म्हणून चाचणीच्या कागदावर आकड्यांसोबत ते कोणत्या साली ठरले हेही लिहावं लागतं.