विकास शुल्क व पोलीस सुविधा (कोकण किनारा)

नव्या बांधकामामुळे गावाच्या किंवा शहराच्या सार्वजनिक सोयींवर जो भार पडतो, त्याचा काही वाटा बांधकाम करणाऱ्याकडून परवानगी देतानाच एकरकमी घ्यायचा, या तत्त्वावरील आकारणीला विकास शुल्क म्हणतात. त्यातील जो भाग पोलीस ठाणी, चौक्या, वाहने व संदेशयंत्रणा यांसाठी बांधलेला असतो, त्यास पोलीस सुविधा शुल्क ही संज्ञा लावता येईल. अशा स्वतंत्र नावाचे शुल्क अमेरिकेतील, विशेषतः कॅलिफोर्नियातील, पुष्कळ शहरे घेतात व ठरावीक काळाने त्याचा दर नव्याने ठरवतात, म्हणजे ‘अद्ययावत’ करतात. कोकणात, किंबहुना सबंध महाराष्ट्रात, विकास शुल्क एकत्रितच घेतले जाते. पोलिसांसाठी त्यात वेगळे खाते नाही. पोलीस इमारतीची जागा येथे विकास योजनेतील (शहराच्या जमीनवापराच्या कायदेशीर आराखड्यातील) आरक्षणातून मिळते आणि पैसा राज्याच्या तिजोरीतून येतो.

संज्ञा : कायद्याच्या मराठी परिभाषेत ‘विकास आकार’ व ‘विकास शुल्क’ अशी दोन्ही रूपे दिसतात. नगरपरिषदांच्या अंदाजपत्रकांत ‘शुल्क’ रूढ आहे, तर वास्तुविशारद व बांधकाम व्यावसायिक बोलताना ‘डेव्हलपमेंट चार्ज’ म्हणतात. जमिनीच्या वाढलेल्या मूल्यातून घ्यायचा ‘सुधार आकार’, वाढीव चटईक्षेत्रासाठीचे ‘अधिमूल्य’ आणि नियमभंग नियमित करण्याचे ‘प्रशमन शुल्क’ या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. चलनावर त्या एकाखाली एक येतात, म्हणून सामान्य अर्जदाराच्या लेखी त्या एकच ठरतात.

उत्पत्ती : या शुल्काच्या मुळाविषयी दोन मते आहेत. पहिले मत नामसाम्यावर आधारलेले आहे. ब्रिटनच्या १९४७ च्या नगररचना कायद्यात याच अर्थाच्या नावाची आकारणी होती. विकासामुळे वाढणारे जमिनीचे संपूर्ण मूल्य, म्हणजे शंभर टक्के, शासनाने घ्यावे अशी ती तरतूद १९५३ मध्ये रद्द झाली. दुसऱ्या मतानुसार मूळ मुंबई इलाख्यातच आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमात योजनेमुळे लाभ झालेल्या भूखंडधारकांकडून अंशदान घेण्याची कल्पना होती. ती १९५४ च्या अधिनियमातून १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात आली, आणि तेथे हा हिस्सा वाढीव मूल्याच्या निम्म्यापर्यंत मर्यादित आहे. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र त्यातही एक अडचण उरते. सुधार आकार मूल्यवाढ मोजून घेतला जातो, तर आजचे विकास शुल्क मूल्यवाढ झाली की नाही हे पाहत नाही. क्षेत्रफळ आणि दर यांचा गुणाकार तेवढा करते.

१९६६ च्या अधिनियमात विकास शुल्काचे प्रकरण मुळात नव्हते. सहा-अ हे प्रकरण (कलम १२४-अ व पुढील) १९९२ मध्ये समाविष्ट झाले. त्याच वर्षी अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, कायद्यात स्पष्ट अधिकार दिलेला नसेल तर प्राधिकरणाला विकास शुल्क घेता येणार नाही, असा निर्णय दिला. दोन्ही घटनांचा कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह होतो. केवळ वर्ष एक असल्यावरून तसा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. पण नियमावलीच्या बळावर शुल्क घेण्याचे दिवस संपले, एवढे त्यातून निश्चित दिसते. ही आकारणी कर की शुल्क, हा वाद त्याहून जुना आहे. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात शुल्काच्या बदल्यात सेवा मिळाली पाहिजे या तत्त्वावर भर होता. १९८३ पर्यंत न्यायालयाने ही अट सैल केली आणि काटेकोर मोबदल्याऐवजी सर्वसाधारण संबंध पुरेसा मानला. भारतात पोलीस सुविधेसाठी वेगळा हिशेब मांडण्याची निकड भासली नाही, याचे एक कारण या सैल अटीत शोधता येते.

पोलीस खर्च व नगरपालिका : नगरपालिकेने पोलिसांचा खर्च उचलणे ही कल्पना कोकणाला सर्वस्वी परकी नाही. १८५० च्या सव्विसाव्या अधिनियमात झाडलोट व दिवाबत्तीबरोबर रस्त्यांवरील पहाराही नागरी कामांत धरला होता. रत्नागिरी, वेंगुर्ले यांसारख्या बंदरगावांच्या नगरपालिका साधारणपणे १८७० च्या दशकातील. त्यानंतर लवकरच, मे १८८२ च्या रिपन ठरावात, नगरपालिकांना पोलीस खर्चातून मोकळे करावे व त्याऐवजी त्यांच्याकडे शिक्षण, आरोग्य यांसारखी कामे द्यावीत, असे धोरण मांडले गेले. मुंबई शहरात ही अदलाबदल १९०७ च्या कायद्याने झाली. स्वातंत्र्यानंतर पोलीस हा राज्यसूचीतील विषय राहिला. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येणारे १८ विषय आहेत; त्यांत अग्निशमन आहे, पोलीस नाही. अग्निशमनासाठी महाराष्ट्रात २००६ च्या अधिनियमाखाली स्वतंत्र सेवा शुल्क आकारले जाते. इमारत तीच आणि परवानगीही तीच, पण बंबासाठी पैसे भरावे लागतात आणि चौकीसाठी भरावे लागत नाहीत. या विरोधाभासाचे मूळ त्या अनुसूचीत आहे.

आकारणीची रीत : आरंभी दर १९६६ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत प्रति चौरस मीटर रुपयांत ठरवलेले होते, त्यामुळे महागाईबरोबर ते निष्प्रभ होत गेले. पुढील दुरुस्तीने ते मुद्रांक शुल्कासाठीच्या वार्षिक मूल्यदर तक्त्याशी, म्हणजे बोलीतील ‘रेडी रेकनर’शी, जोडले गेले. निवासी वापरासाठी जमिनीच्या विकासावर विकसित जमिनीच्या दराच्या अर्धा टक्का आणि बांधकामावर दोन टक्के अशी आकारणी आहे. औद्योगिक वापरास दीडपट, वाणिज्य वापरास दुप्पट दर पडतो. समजा, तक्त्यातील जमिनीचा दर चौरस मीटरला ६,००० रुपये आहे, भूखंड ५०० चौरस मीटरचा व घराचे बांधीव क्षेत्र ३०० चौरस मीटर आहे. जमिनीपोटी १५,००० व बांधकामापोटी ३६,००० मिळून ५१,००० रुपये होतात. त्याच मापाचे लॉज बांधल्यास १,०२,००० रुपये भरावे लागतील. शासनाच्या व स्थानिक संस्थांच्या स्वतःच्या बांधकामांना हे शुल्क माफ आहे, म्हणून पोलीस ठाण्याची इमारत स्वतः विकास शुल्क भरत नाही.

येथे ‘अद्ययावत करणे’ या शब्दाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. तक्ता बदलला की शुल्क आपोआप बदलते. नगरपरिषदेला ठराव करावा लागत नाही. तक्ता २०१६ पासून १ एप्रिलला लागू होतो. २०२३-२४ व २०२४-२५ या दोन्ही वर्षी दर जैसे थे ठेवले गेले, आणि २०२५-२६ साठी मुंबई वगळता राज्याची सरासरी वाढ ४.३९ टक्के होती. त्या दोन वर्षांत चिरा, वाळू, लोखंड व मजुरी यांचे काहीही झाले असो, विकास शुल्क जागचे हलले नाही. थोडक्यात, येथे जमिनीचा भाव अद्ययावत होतो आणि सुविधेची गरज कोणी मोजत नाही. महानगरपालिका क्षेत्रांत मेट्रोसारख्या वाहतूक प्रकल्पांसाठी शुल्कात वाढ करण्याची तरतूद पुढे कायद्यात झाली, म्हणजे विशिष्ट कामासाठी शुल्क वाढवणे कायद्याला वर्ज्य नाही. पोलिसांसाठी तसे झालेले नाही.

जमा रकमेसाठी स्वतंत्र विकास निधी ठेवावा व ती सार्वजनिक सोयी आणि क्षेत्राची सुधारणा यांवरच खर्चावी, असा दंडक आहे. ‘सोयी’च्या व्याख्येत रस्ते, बागा, बाजार, शाळा, दवाखाने, पाणी, गटारे यांची नावानिशी यादी आहे, तीत कवायतीचे मैदान आहे, पण पोलीस चौकी नाही. शेवटच्या ‘इतर सेवा’ या शब्दांत ती बसवता येते. विकास योजनेच्या कलमात मात्र शासकीय इमारतींसाठी जागा राखण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. आरक्षणाचा आधार पक्का आणि खर्चाचा आधार अर्थ लावून काढलेला, अशी ही स्थिती आहे.

कॅलिफोर्नियातील पद्धत : तुलनेसाठी तिचा तपशील उपयुक्त आहे. तेथे १९७८ च्या तेराव्या प्रस्तावाने मालमत्ता करावर मर्यादा आली आणि शहरे विकास शुल्काकडे वळली. १९८७ मध्ये संमत झालेल्या व १९८९ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार शुल्क आणि नव्या बांधकामाचा भार यांचा वाजवी संबंध शहराने दाखवावा लागतो. हा संबंध दाखवणाऱ्या अभ्यासात आजच्या पोलीस इमारती, वाहने व साधने यांचे मूल्य काढून ते ‘सेवित लोकसंख्ये’ने भागतात. रहिवासी पूर्ण धरले जातात आणि बाहेरून कामाला येणारे अंशाने. आधीपासूनची तूट नव्या रहिवाशाच्या माथी मारता येत नाही. जुने ठाणे आधीच अपुरे असेल तर ती कमतरता शहराने दुसऱ्या पैशातून भरावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने हा अभ्यास किमान आठ वर्षांतून एकदा नव्याने करणे बंधनकारक केले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये एल डोराडो परगण्याच्या खटल्यात, कायदेमंडळाने सरसकट ठरवलेले शुल्कही या कसोटीतून सुटत नाही, असे स्पष्ट केले. सर्व राज्यांत मात्र हे चालत नाही. टेक्सासच्या १९८७ च्या कायद्यात पाणी, सांडपाणी, रस्ते अशा कामांपुरतेच शुल्क आहे. पोलीस त्यात नाहीत.

कोकणातील विशेष : सेवित लोकसंख्येची कल्पना कोकणाला लावून पाहिली तर आकडे फार वेगळे दिसतील. मालवण शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १९ हजारांच्या आतच होती, पण दिवाळीच्या वा नाताळच्या सुट्टीत गावातले रस्ते त्या आकड्याला जुमानत नाहीत. गणपतीत मुंबईहून चाकरमानी आला की बंद घरे उघडतात आणि महामार्गापासून वाडीपर्यंत बंदोबस्त लागतो. अलिबागच्या परिसरात शनिवार-रविवारपुरते उघडणारे बंगले विकास शुल्क भरतात. त्यांचे मालक जनगणनेत मुंबईकर असतात. चोरीची फिर्याद मात्र स्थानिक ठाण्यातच नोंदवावी लागते.

या भागातील पोलिसांचा सर्वांत छोटा घटक म्हणजे दूरक्षेत्र. ठाण्यापासून लांबच्या गावासाठी ठेवलेली ही चौकी पुष्कळदा दोन खोल्यांची असते. चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, पावसाळ्यात पश्चिमेच्या बाजूला झडीसाठी बांधलेले प्लास्टिक आणि अंगणात मुद्देमाल म्हणून जप्त केलेल्या, वेलींनी वेढलेल्या मोटारसायकली, असे तिचे नेहमीचे रूप. बांधकामाची कामे महाराष्ट्र राज्य पोलीस गृहनिर्माण व कल्याण महामंडळ (स्थापना १९७४) किंवा सार्वजनिक बांधकाम विभाग करतो. वाहने व कॅमेऱ्यांसाठी जिल्हा नियोजन समितीच्या निधीचा आधार घेतला जातो.

विकास योजनेत ‘पोलीस चौकी’ असे आरक्षण पडले तरी जागा हाती येतेच असे नाही. दहा वर्षांत संपादन न झाल्यास मालक १९६६ च्या अधिनियमाच्या कलम १२७ खाली खरेदी सूचना (जागा विकत घ्या, अशी नोटीस) देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीत (मूळ सहा महिने, २०१५ च्या दुरुस्तीनंतर २४ महिने) हालचाल न झाल्यास आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. संपादनासाठी पैसे मोजायचे गृह विभागाने आणि योजना नगरपरिषदेची, त्यामुळे फाइल दोन कार्यालयांत फिरते. समावेशक आरक्षण हा त्यावरचा उपाय आहे. मालक ठरलेल्या क्षेत्राची चौकी बांधून विनामूल्य देतो आणि भूखंडाचे चटईक्षेत्र उरलेल्या बांधकामात वापरतो. जमीन महाग असलेल्या पनवेल-ठाणे पट्ट्यात हे गणित जमते. दक्षिणेकडे चटईक्षेत्रालाच फारसे गिऱ्हाईक नसते, आणि किनाऱ्यालगत सागरी नियमन क्षेत्राचे निर्बंध आड येतात.

सागरी पोलीस : मांडवा, दिघी, दादर (ता. पेण), निवती अशी सागरी पोलीस ठाणी या चौकटीबाहेरची आहेत. १९९३ च्या फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी येथे स्फोटके उतरवली गेली आणि महाराष्ट्राच्या सुमारे ७२० किमी. किनाऱ्याच्या पहाऱ्याचा प्रश्न ऐरणीवर आला. केंद्राची किनारी सुरक्षा योजना २००५ मध्ये सुरू झाली व तिचा दुसरा टप्पा २०११ पासून राबवला गेला. ठाणी, नौका व जेटी यांचा खर्च मुख्यत्वे त्यातून झाला.

नियोजन प्राधिकरणे : सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये निर्माण झाल्यावर ओरोस येथे वसवलेल्या सिंधुदुर्गनगरीत पोलीस मुख्यालयाची जागा नव्या नगराच्या आखणीतच धरता आली. कोकणातील जुन्या बंदरगावांना ही सोय लाभली नाही. २०२४ मध्ये राज्य शासनाने किनाऱ्यालगतच्या १,६३५ गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमणारी अधिसूचना काढली.

गावपातळीवर १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखालील पोलीस पाटील हाच दुवा आहे. त्याचे मानधन मार्च २०२४ मध्ये मासिक साडेसहा हजारांवरून पंधरा हजार रुपये करण्यात आले. कार्यालय असे त्याला नसते. दप्तर बहुधा त्याच्या घरीच, पडवीतल्या कपाटात असते.