माध्यमांतील स्त्रीचे वस्तूकरण : स्त्रीवादी आंदोलने

जाहिराती, चित्रपट, नियतकालिके आणि सौंदर्यस्पर्धा यांतून स्त्रीला माणूस म्हणून न दाखवता पाहण्याजोगी वस्तू म्हणून मांडण्याविरुद्ध स्त्रीवाद्यांनी दिलेला लढा. आक्षेप नग्नतेला नसून, स्त्रीचे शरीर कोणाच्या नजरेसाठी आणि कोणाच्या फायद्यासाठी वापरले जाते याला आहे. हा फरक लोकांना पटवण्यात चळवळीची बरीच शक्ती खर्च झाली.

७ सप्टेंबर १९६८ रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटी येथे ‘न्यूयॉर्क रॅडिकल विमेन’ या गटाच्या पुढाकाराने मिस अमेरिका स्पर्धेबाहेर निदर्शने झाली. जिवंत मेंढीला मुकुट चढवला गेला. खोट्या पापण्या, उंच टाचांचे बूट, ब्रेसियर एका पिंपात फेकण्यात आले. आग काही लावली नव्हती. तरीही ‘ब्रा जाळणाऱ्या बाया’ ही प्रतिमा वृत्तपत्रांनी रुजवली. म्हणजे विरोधाची बातमीही शरीराभोवतीच फिरली. आयोजकांपैकी कॅरल हॅनिश यांनी नंतर स्वतःच्याच बाजूला सुनावले : काही फलकांचा रोख स्पर्धेऐवजी स्पर्धक मुलींवर गेला होता.

नोव्हेंबर १९७० मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील मिस वर्ल्ड सोहळा आंदोलक स्त्रियांच्या शिट्ट्या आणि पिठाच्या पुड्या यांनी काही वेळ विस्कळीत झाला. मात्र त्याच रात्री ग्रेनेडाची जेनिफर हॉस्टन जिंकली. हा किताब मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री, त्यामुळे त्या निषेधाकडे सगळ्या स्त्रिया एकाच नजरेने पाहत नाहीत. त्याच आठवड्यात ‘द सन’ या ब्रिटिश वृत्तपत्राने तिसऱ्या पानावर नग्न छायाचित्र छापायला सुरुवात केली. २०१२ पासून चाललेल्या मोहिमेनंतर २०१५ मध्ये त्या पानावरची उघड्या छातीची छायाचित्रे थांबली.

१९७६ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये, दोरांनी बांधलेली व मारहाणीच्या खुणा असलेली स्त्री दाखवणारा एका ध्वनिमुद्रिकेचा जाहिरात फलक आंदोलनामुळे उतरवावा लागला.

कायद्याच्या प्रश्नावर मात्र चळवळ दुभंगली. अमेरिकन स्त्रीवादी अँड्रिया ड्वॉर्किन व कॅथरिन मॅकिनन यांनी १९८३ मध्ये मिनियापोलिस शहरासाठी पोर्नोग्राफीला नागरी हक्कांचा भंग मानणारा मसुदा लिहिला. सेन्सॉरशिपचे हत्यार उद्या स्त्रियांच्याच लेखनावर चालेल, असे म्हणत अनेक स्त्रीवाद्यांनी विरोध केला. इंडियानापोलिस शहराने मंजूर केलेला तसाच स्थानिक कायदा न्यायालयांत टिकला नाही.

नको ते सोबतीही मिळाले. १९९६ च्या बंगळूरच्या मिस वर्ल्ड स्पर्धेला स्त्रीवादी गटांबरोबर संस्कृतिरक्षकांनीही विरोध केला, आणि आयोजकांनी स्विमसूट फेरी सेशेल्सला हलवून ती स्पर्धा पार पाडली.