बारीक ठशांमुळे जुना रुपया खोटा ठरत नाही

‘शेरशहा सूरीच्या चांदीच्या रुपयावर कडेला बारीक ठसे दिसले, की नाणे खोटे समजा,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो. शंका स्वाभाविक आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा.

सोळाव्या शतकातला हा रुपया हातोड्याने पाडलेला, सुमारे ११.५ ग्रॅमचा. तो बाजारात फिरताना सराफ चांदी पारखायला त्यावर ठसा मारत. वरचा मुलामा चांदीचा आणि आत तांबे असेल, तर ते तिथेच उघडे पडे. त्यामुळे असे ठसे म्हणजे त्या व्यवहारांची जिवंत नोंद. मला तरी त्यांनी नाणे अधिक मोलाचे वाटते.

अर्थात, नुसत्या ठशावरून नाणे अस्सलही ठरत नाही. आधी वजन करा. झिजेमुळे थोडे कमी भरेल. मग भिंगातून पाहा: ओतीव नकलेत अक्षरे आणि ठसे सारखेच बोथट दिसतात, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे सूक्ष्म खड्डे असतात. नाणे घासून चकचकीत मात्र करू नका, पारखायच्या खुणाच त्यात पुसल्या जातात.